दूरच्या माणसासाठी प्लेलिस्ट कशी करावी

माझी पहिली यादी त्रेसष्ट गाण्यांची होती. चार तास चाळीस मिनिटं. परदेशात येऊन तीन आठवडे झाले होते. खोलीत एक गादी, एक दिवा आणि खोक्यावर ठेवलेला लॅपटॉप एवढंच सामान होतं, आणि रात्री दोनपर्यंत बसून, आम्हा दोघांचं म्हणून जे जे गाणं आठवलं ते मी त्यात कोंबलं. यादीला नावही दिलं होतं, ते इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "ऐकतोय गं, हळूहळू." महिन्याभराने मी सहज विचारलं, ते व्हायोलिनवालं कसं वाटलं? तो जरा वेळ गप्प. "कुठलं व्हायोलिनवालं?" ते नववं होतं.

राग आला. मग एकदा भांडी घासताना मी स्वतःच ती यादी लावली, तर अकराव्या गाण्याला मलाच नको झालं. एवढ्या लांबून एवढा वेळ कुणी आपल्या कानाशी बसून उसासे टाकले तर आपण तरी किती ऐकू?

गेल्या नऊ वर्षांत अशा चाळीसेक याद्या झाल्या असतील. त्याच्यासाठी, आईसाठी, माझ्याहूनही लांब गेलेल्या एका मैत्रिणीसाठी, आणि दोन अशा माणसांसाठी ज्यांचे नंबर आता फोनमध्ये नाहीत. काही जमल्या, बऱ्याच फसल्या. माझं पोटापाण्याचं काम सबटायटल्स लिहिण्याचं आहे. दुसऱ्याचं बोलणं मोजक्या सेकंदांत बसवायचं, हेच दिवसभर करते, त्यामुळे कुठे किती मावतं याचा जरा अंदाज आहे. तेवढ्या भांडवलावर हे लिहितेय.

आधी घड्याळ, मग गाणी

सगळे सुरुवात करतात ती गाण्यांपासून. तिथेच फसायला होतं. "मला काय वाटतंय" इथून निघालेली यादी त्रेसष्टावर जाते, कारण वाटण्याला काही काठ नसतो. "तो हे कधी ऐकेल" इथून निघालात तर ती आपोआप आटोपशीर होते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी त्याला विचारलं, कामावरून घरी कसा येतोस ते नीट सांग. तो वैतागला, पण सांगितलं त्याने. जिना उतरून सहा-सात मिनिटं चालत थांब्यापर्यंत. मग बस, पंचवीस-सव्वीस मिनिटं, बहुतेक वेळ उभ्याने. शेवटी पूल येतो, तोवर बस बरीच रिकामी होते. पूल ओलांडला की उतरायचं आणि पुढे दहा मिनिटं चालायचं. सगळं मिळून चव्वेचाळीस मिनिटं धरा.

यादी केली ती तेवढीच. अकरा गाणी. पहिली दोन चालीला लागतील अशी. मधली पाच भरगच्च वाद्यांची, कारण गर्दीच्या बसमध्ये नाजूक गाणं इंजिनाच्या घरघरीखाली गाडलं जातं. तिथे कुजबुजणारा गायक म्हणजे पैसे पाण्यात. मग पूल. पुलावर बस रेंगाळते असं तो म्हणाला होता, म्हणून साधारण अठ्ठाविसाव्या मिनिटाला मी एक जुनं, जवळजवळ नुसत्या आवाजावर उभं असलेलं गाणं ठेवलं. शेवटची तीन चालायला, पण थकलेल्या पायांची.

सोमवारी बस लवकर मिळाली आणि ते गाणं कुठल्याशा सिग्नलला वाया गेलं. मंगळवारी त्याने सुट्टी घेतली. गुरुवारी संध्याकाळी मला त्याचा एका शब्दाचा मेसेज आला: "पूल."

तर, आधी विचारा. चालता की बसता, हात मोकळे असतात का, दोन्ही कानांत घालता की एकाच, झोपायच्या आधी ऐकता की झोप लागत नाही म्हणून ऐकता (ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गाणीही वेगळी). असं विचारल्याने गंमत जाते, असं एक मैत्रीण म्हणते. जाऊ दे. न ऐकलेल्या यादीत कुठली आलीय गंमत?

पंचेचाळीस मिनिटं

त्याचा प्रवास चव्वेचाळीस मिनिटांचा निघाला हा योगायोग. पण तेव्हापासून मी कुणासाठीही पंचेचाळीसच्या वर जात नाही. हे माप माझं नाही, कॅसेटचं आहे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. त्यात नव्वद मिनिटांची जी असायची तिच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूची गाणी होतात सुमारे १२९ मीटर लांब. एकशेवीस मिनिटांचीही मिळायची, पण जास्त फीत मावावी म्हणून ती पातळ केलेली असे आणि टेपरेकॉर्डर ती गिळून टाकी. लोक नव्वदवर थांबले ते काही संयमी होते म्हणून नव्हे.

माझ्या मावशीकडे अशी एक कॅसेट आहे. काका लग्नाआधी नोकरीसाठी बाहेरदेशी होते, तिथून त्यांनी भरून पाठवलेली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं त्यांनी मिनिटांचा हिशोब न करता घातलं, त्यामुळे दुसऱ्या अंतऱ्याच्या मधोमध फीत संपते आणि खटका पडतो. मावशीने ते गाणं पुढे रेडिओवर, टीव्हीवर पूर्ण शेकडो वेळा ऐकलं असेल. पण काम करता करता गुणगुणते तेव्हा ती आजही तिथेच थांबते. त्याच शब्दावर.

आता फीत नाही, त्यामुळे अडवणारं काहीच नाही, आणि म्हणून आपलं आपल्यालाच अडवावं लागतं. मी करते ते असं: आधी तीसेक गाणी काढते, एक रात्र जाऊ देते, आणि सकाळी तीच यादी "हे त्याच्यासाठी की माझ्यासाठी?" असं विचारत वाचते. निम्मी तिथेच गळतात. ज्याच्यावर बोट अडखळतं, ते बहुतेक माझ्यासाठीच असतं.

क्रम

पहिलं गाणं सगळ्यात चांगलं नसावं. ओळखीचं असावं. पहिल्या दहा सेकंदांत माणूस "अरे, हे!" म्हणाला की काम झालं. दुसरं त्याने कधी न ऐकलेलं. तिसऱ्याला लोक सोडून जातात, हे मी स्वतःवरून सांगते, म्हणून तिसरं लहान ठेवा, तीन मिनिटांच्या आतलं.

जोड तपासायची एक घरगुती रीत आहे. गाणं संपलं की त्याचा शेवटचा सूर गुणगुणत राहायचं आणि तसंच पुढचं सुरू करायचं. दातात खडा आल्यासारखं झालं, तर जोडी फोडा. घरात पेटी असलेल्यांना हे लगेच कळेल: काळी एकमधलं गाणं संपून पाठोपाठ पांढरी एकचं लागलं, तर गायक कितीही मोठा असो, पहिली ओळ बेसूर वाटते. मध्ये लांबच्या पट्टीचं काहीतरी घातलं की कान विसरतो. लयीचंही तेच. एकदम संथावरून एकदम धावत्यावर उडी नको, मध्ये एक पायरी द्या.

एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात घालणारी जी सोय अ‍ॅपमध्ये असते ना, क्रॉसफेड, ती समोरच्याला बंद करायला सांगा. पार्टीला ठीक आहे. पण जुन्या रेकॉर्डिंगची तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन केलेला शेवट) अगदी शेवटच्या चार सेकंदांत असते आणि ही सोय नेमकी तीच खाते.

आणि आवाजाची पातळी. आईसाठी केलेल्या पहिल्या यादीत मी एक सत्तर वर्षांपूर्वीचं गाणं आणि त्याला लागून एक अगदी नवं घातलं. आईचा फोन: "अगं, पहिलं ऐकू येईना म्हणून मोठं केलं, तर दुसऱ्याने जीवच घेतला माझा. केवढ्याने दचकले मी!" जुनी तबकडीवरून उतरवलेली गाणी मुळात बारीक आणि हल्लीची आधीच वरपर्यंत दाबून भरलेली. बहुतेक अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणायचं बटण असतं. एलयूएफएस नावाच्या मोजमापाने ती पातळी साधारण उणे १४ च्या आसपास धरतात. पण ते बटण तुमच्या फोनवर चालू असून उपयोग नाही, ऐकणाऱ्याच्या फोनवर हवं. आईला ते बटण सापडायला व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं लागली. त्यात निम्मा वेळ मला तिचं कपाळ दिसत होतं.

पाठवण्याआधी एकदा पूर्ण यादी घरातल्या सगळ्यात भिकार इअरफोनवर, एकाच कानात, बाहेर चालत ऐका. चांगल्या हेडफोनवर सगळंच सुंदर वाटतं.

सगळ्यात लांब गेलेली यादी

हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली आणि दोन्हींवर एकेक सोनेरी तबकडी बसवली. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांच्यासाठी. गाणी निवडणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. सत्तावीस रचना, मिळून नव्वदेक मिनिटं. म्हणजे पुन्हा एक कॅसेटच! एवढं मावावं म्हणून तबकडी नेहमीच्या ३३⅓ ऐवजी १६⅔ फेऱ्यांवर फिरेल अशी कापली. अख्ख्या पृथ्वीच्या वतीने पाठवायचं तरी मावण्याचं भांडण सुटत नाही, याने मला फार धीर येतो.

त्या सत्तावीसांत आपल्याकडची एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो". साडेतीन मिनिटं. कधीच परत न येणाऱ्या यानावर "कुठे निघालीस" असं विचारणारी बंदिश. क्रमही बघा. मैफल भैरवीने संपते हे आपल्याला ठाऊक, पण इथे ती शेवटून तिसरी आहे आणि सगळ्यात शेवटी बेथोव्हेन. क्रम लावणाऱ्याला भैरवीनंतरही थोडं बसून राहावंसं वाटलं असावं, असं मी आपलं समजते. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तबकडीवर पंचावन्न भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे.

आणि आता प्रेमाचं. यादीचं काम बघणाऱ्या ॲन ड्रुयन एका चिनी रचनेच्या शोधात होत्या. ती सापडली हे सांगायला त्यांनी सेगन उतरले होते त्या हॉटेलात फोन केला, ते नव्हते, निरोप ठेवला. त्यांचा उलट फोन आला आणि तो फोन ठेवेपर्यंत दोघांचं लग्न ठरलेलं होतं. थोड्याच दिवसांनी ड्रुयनबाईंच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या लहरी तासभर नोंदवल्या गेल्या, आणि त्या तासात विचार करायच्या गोष्टींत प्रेमात पडणं हेही होतं. तो तास आक्रसून जेमतेम मिनिटाचा केला आणि तबकडीवर घातला. ऐकायला तो फटाक्याच्या लडीसारखा तडतडाट वाटतो. हा तुकडा असा, जो कुणी गाऊन दाखवू शकत नाही.

मला यातून कामाचं सापडलं ते एवढंच की आपलं खासगी असं काही घालायचं असेल तर ते असं आवळून घालावं. तासाचं मिनिट.

स्वतःचा आवाज

दोन गाण्यांच्या मध्ये बोलायची हौस सगळ्यांना असते. बोला, पण वीस सेकंदांच्या आत. सबटायटलमध्ये एक ओळ सात सेकंदांपलीकडे पडद्यावर ठेवत नाहीत, कारण माणूस वाचून संपवतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. बोलण्याचंही तसंच आहे. वीस सेकंदांनंतर तुम्ही पुन्हा पहिलंच सांगायला लागता.

"आता पुढचं गाणं आहे ना, ते मला का आवडतं माहितीये" असं कधीही म्हणू नका. खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगा. एका यादीत मी फक्त एवढं म्हटलं होतं: "खालच्या मजल्यावर कुणीतरी कपड्यांचं मशीन लावलंय, माझी खुर्ची हलतेय." त्याला त्या यादीतलं गाणं एकही आठवत नाही. खुर्ची आठवते.

रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात डोकं घालून करा. चेष्टा नाही, लटकणारे कपडे खोलीचा घुमारा खाऊन टाकतात आणि आवाज कानाशी बोलल्यासारखा येतो. फोन तोंडापासून वीतभर, आणि जरा बाजूला. समोर धरला की प, फ, भ यांचे फुत्कार बसतात. हे तुकडे गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये घालायची खटपट करत बसू नका, तुमच्याकडे वाजतं आणि तिकडे पोचतच नाही. वेगळे पाठवा आणि वर लिहा: "चौथ्यानंतर", "आठव्यानंतर".

आणि बटण दाबल्यावर लगेच बोलू नका, जरा थांबा. मावशीची तीच कॅसेट. फितीच्या टोकाला पाचेक सेकंदांची कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. जाणते लोक पेन्सिल घालून तेवढी पुढे गुंडाळून घ्यायचे. काकांना हे माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांचं पहिलं वाक्य सुरू होतं "...शील ना?" असं. आई म्हणते ते "ऐकशील ना" असणार. मावशीचं म्हणणं, "येशील ना". काकांना विचारलं की ते पेपर वाचायला लागतात.

न कळणाऱ्या भाषेतलं गाणं

परदेशात राहिलं की तिकडची गाणी अंगाला चिकटतात. दुकानात, जिन्यात, शेजारच्या भिंतीतून. पहिल्या वर्षी शब्द कळत नाहीत, चाल पाठ होते. दुसऱ्या वर्षी शब्द कळतात आणि बऱ्याचदा पस्तावायला होतं. मग एखादं खरोखर चांगलं निघतं आणि ते घरच्या माणसाला ऐकवावंसं वाटतं.

ऐकवा, पण पूर्ण गाण्याचा अर्थ लिहून पाठवू नका. मी पाठवलाय. बारा कडव्यांचं भाषांतर, यमकांसकट. त्याचं उत्तर आलं, "छान आहे," आणि छान आहे म्हणजे काय ते आपल्याला कळतं. आता मी एकच ओळ देते आणि ती कितव्या मिनिटाला येते ते. एका गाण्यात, दोन मिनिटं चौदा सेकंदांवर, गाणारी बाई दाराबद्दल काही म्हणते. शब्दकोशात बघाल तर "उघडं" मिळेल. पण ते दार उघडं नाही, लोटलेलं आहे. कडी लावलेली नाही, एवढंच. मी लिहिलं, "२:१४ ला ती सांगते की दार लोटलेलं आहे." बाकीचं गाणं त्याने त्या एका शब्दाभोवती आपलं आपण बांधलं, आणि त्याने बांधलेलं मूळ गाण्यापेक्षा बरं होतं.

उलट दिशेलाही हाच नियम. इकडच्या मित्रमैत्रिणींना मराठी गाणं ऐकवताना प्रस्तावना करू नका. "हे खूप खोल आहे" म्हणालात की समोरचा खोल बघण्याचा चेहरा करून बसतो.

एकाच वेळी ऐकायचं असेल तर

कॉलवर एकत्र गाऊ नका. प्रत्येक जोडपं एकदा करून बघतं, आणि तीन ओळींत दोघंही आपापल्या जागी थांबतात. याला तुमचं प्रेम किंवा नेट जबाबदार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सात हजार किलोमीटरवर माणूस असेल तर तार अगदी सरळ टाकली तरी एका बाजूने ३५ मिलिसेकंद जातात, आणि तार सरळ नसते, वर अ‍ॅपचं चाळणं-गाळणं वेगळं. बोलताना हे जाणवत नाही. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकातच धरलेलं आहे. पण एकत्र गाताना पंचवीस-तीसच्या पुढे गेलं की ताल ओढला जातो. हवेतून आवाज दहा मीटर यायलाच २९ मिलिसेकंद लागतात. तबलजीला त्याहून लांब बसवून बघा काय होतं. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी किंचित थांबतो, म्हणून दुसराही थांबतो, आणि गाणं चिखलात रुततं.

कॉलवरून गाणं "ऐकवणं"ही तसंच. अ‍ॅपला माणसाचं बोलणं हवं असतं, बाकी सगळं गोंगाट समजून ते पुसून काढतं. तानपुरा तर त्याला पंख्यासारखा वाटतो. त्याला मी एकदा अख्खा आलाप ऐकवला, आणि त्याला ऐकू आलं फक्त माझं नाक ओढणं.

चालतं ते असं: दोघांनी आपापल्या फोनवर तेच गाणं काढून ठेवायचं, कॉलवर "तीन, दोन, एक" म्हणायचं, दाबायचं आणि दोघांनीही माइक बंद करायचा. अर्धा सेकंद मागेपुढे होईल, पण कळणार नाही, कारण दुसऱ्याचं गाणं तुम्हाला ऐकूच येत नसतं. गाणं संपल्यावर माइक उघडायचा. पहिल्यांदा बोलण्याआधी जी काही शांतता असते, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. सोनीच्या पहिल्या वॉकमनला, १९७९ साली, हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याशी बोलता यायचं. पुढे ही दोन्ही कामं यंत्रांवरून गेली. ती आपल्याला हाताने करावी लागतात.

वेळ ठरवताना मात्र कुणाच्या घड्याळाने ते लिहून ठेवा. उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करणाऱ्या देशात तुम्ही असाल आणि समोरचा तसं न करणाऱ्या, तर वर्षातून दोनदा तुमच्यातलं अंतर एका रात्रीत बदलतं. मला हे कळलं तेव्हा तो तासभर हेडफोन लावून बसला होता आणि मी निवांत आंघोळीला गेले होते.

आणखी थोडं

ठरलेला क्रम मोडून वाजवायचं बटण बंद आहे ना, ते विचारा. काही अ‍ॅप फुकटच्या खात्यावर आपल्या मर्जीने क्रम बदलतात, मग पूल-बिल सगळं विसरा. गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे विकलेले असतात, त्यामुळे तुमच्याकडे दिसणारं गाणं तिकडे करड्या रंगात पडून राहतं आणि दाबलं तरी वाजत नाही. पाठवल्यावर लगेच एकदा नुसतं खाली सरकवून बघायला सांगा. नसलंच, तर त्याच गाण्याचं दुसरं रेकॉर्डिंग घेऊ नका, दुसरं गाणं घ्या. तेच गाणं वेगळ्या वर्षीचं म्हणजे जुन्या मित्राच्या जागी त्याचा भाऊ.

यादीला नाव साधं द्या. मी तारीख देते.

शेवटची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून सांगते. जे गाणं हातचं गेलं तर तुम्हाला चालणार नाही, ते कुणाच्याही यादीत घालू नका. माणूस गेला की गाणं त्याच्याबरोबर जातं. माझी दोन गेली आहेत. एक मी अकरावीत असल्यापासूनचं होतं, आणि ज्याला दिलं त्याच्याशी पुरते आठ महिनेही टिकलं नाही. आता ते कुठे लागलं की मी चटकन दुसऱ्या खोलीत काहीतरी शोधायला जाते. माझं असं एक गाणं आहे जे मी अजून कुणालाच दिलेलं नाही. त्यालाही नाही. त्याला हे माहीत आहे आणि दर वर्षी एकदा तो अंदाज करून बघतो.

आता आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे याद्या बंद झाल्या होत्या. स्वयंपाकघरात जे लागेल ते दोघं ऐकतो आणि आवाज कमी कर म्हणून भांडतो. गेल्या महिन्यात तो कामासाठी पाच दिवस तिसऱ्याच एका देशात गेला. मी रात्री बसून सहा गाणी काढली, बावीस मिनिटं, विमानतळावरून हॉटेलपर्यंतच्या गाडीत ऐकायला. जोड तपासले, एका कानाने चालत ऐकली, चौथ्यानंतरसाठी कपाटात डोकं घालून सतरा सेकंद बोलले. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला.

"पाचवं करडं आहे."